काटा

सतरा हंगाम मी शेठच्या दुकानी
कापसाच्या काट्यावर बसलो.
वजन करतो तोही काटा
आणि पायात मोडतो तोही.
हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

पाटाखाली पायाचा अंगठा सरकवला
की गाठोड्यामागे किलो उडतो.
शेठ बघायचा, बोलायचा नाही.
पंचफुला डोंगरदिवे नदीकाठच्या दीड एकराचा कापूस
डोक्यावरून आणायची.
त्या साली अकरा गाठोडी.
अकरा वेळा अंगठा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी
प्रभुभोजनाचा पेला रांगेतून आला
आणि मी तो ओठांना न लावता
एलिशाबाबांच्या हाती दिला.
फेब्रुवारीतही. मार्चातही.
सत्यवतीनं विचारलं नाही,
फक्त भाकर वाढताना तिचा हात थांबायचा.

मला वाटायचं, मीच खारपाण आहे.
पूर्णेच्या या पट्ट्यात कुठंही खणा,
चाळीस हातांवर खारं, ऐंशी हातांवर खारं.
दोष कुठल्या विहिरीला द्यायचा?
माती जिथवर, मीठ तिथवर.
तशी ती लाज. तिला ना जागा, ना आकडा.
रात्री नुसतं नाव घ्यायची:
शांतवन, तू असलाच.

आवाज ओळखीचा होता.
नऊ वर्षांचा असताना अर्पणाच्या थैलीतून
मी आठ आणे उचलले.
बापानं कान धरून वेदीपुढं उभं केलं,
"पाहून घ्या, हा चोर."
मी रडलो, चड्डी ओली केली, घरी आलो.
ते आठ आणे मात्र कुणी परत मागितले नाहीत.
दुसऱ्या दिवशी मी त्यांचं बोरकूट खाल्लं.

एप्रिलात धुऱ्यावर बाभळीचा काटा मोडला,
नेमका त्याच अंगठ्यात.
सत्यवतीनं पाय दिव्याशी ओढला,
सुई तापवत म्हणाली,
"कुठं दुखते, बोट ठेवा."
मी बोट ठेवलं
आणि तोंडातून निघालं: अकरा किलो.
पंचफुलाबाईचे.
तिची सुई थांबली नाही.

जक्कय उंबरावरून उतरला
तो आकडा घेऊनच उतरला. चौपट, म्हणाला.
मीही वही काढली.
चव्वेचाळीस किलो, सत्तरचा भाव,
तीन हजार ऐंशी.

पंचफुलाबाई अंगणात तुराट्या मोडत होती.
मी सांगितलं, अंगठ्यासकट.
"मले मालूम व्हतं," ती म्हणाली.
"मी घरून मोजून आणत व्हती."
मग बोलली काहून नाही?
"कोणाले सांगू? शेठले?"
आणि तुराटी मोडली, कड्‌.

मग तिनं नोटा मोजल्या.
सातशे सत्तर पदराच्या गाठीत बांधले,
बाकीच्या माझ्याकडं सरकवल्या.
"माह्यं अकरा किलोचं.
हे बाकीचं कायचं व्हय?"

मला सांगता आलं नाही.
जक्कयानं चौपट दिलं ते आनंदाच्या घाईत,
घरी पाहुणा आला होता म्हणून.
माझे तेहेतीस किलो निराळे होते.
वेदीपुढं उभ्या त्या ओल्या चड्डीच्या पोराला
सोडवायला आणलेली ती लाच होती.
पंचफुलाबाईचा त्याच्याशी काय संबंध?

माफ केलं, असं ती म्हणाली नाही.
पुढच्या साली कापूस दुसऱ्या काट्यावर नेईन, म्हणाली.
मी म्हटलं, ने.
वहीत अजून एकोणीस नावं आहेत.

निघताना तिनं लोटा भरून पुढं केला.
"खारं हाय. पेता का?"

पाणी खारंच होतं.
इथं रांग नव्हती,
पुढं द्यायला शेजारी कुणी नव्हतं.
मी प्यालो.